मोरी ठेवलेलं खुराडं

मामी, तुमच्या तेराव्याचे पाहुणे आज सकाळी गेले. घर मोकळं झाल्यावर मी तुमच्या कोंबड्या सोडायला गेलो, तर एकही बाहेर येईना. दार वर ओढलं, बाजूला सरलो, तीऽ तीऽ करून बघितलं, ज्वारीची मूठभर कणी फेकली. आतून नुसत्या मान तिरपी करून बघतात. जशा म्हणतात, आला मोठा गवंडी! शेवटी तुमची लेक आली, तिनं मला मागं सारलं आणि म्हणाली, "तुमी जरा तिकडं व्हा. तुमाला भेतात त्या." ती पुढं झाली आणि सगळ्या फडफडत बाहेर. अकरा वर्षं एका अंगणात काढून त्या मला भितात. तुम्ही त्यांच्या कानात माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय ते एक तुम्हाला ठाऊक आणि एक त्यांना.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मला येतं तेही जेमतेमच. शाळेत तेव्हा उर्दूच होती, ती शिकलो; मराठी अक्षरं बापानं फरशीवर कोळशानं गिरवून घेतली. त्या अक्षरांनी आजवर मी दगडांची मापं लिहिली आणि सामानाच्या याद्या लिहिल्या. माणसाला काही लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही समोर असताना माझी जीभ कधी सरळ चालली नाही. आता तुम्ही मध्येच तोडायला नाही आहात, तर सगळं नीट सांगून घेतो.

मामा गेले तेव्हा मी गाडी जुंपून कळमनुरीच्या पलीकडं तुमच्या गावी आलो होतो. तुम्हाला एकच लेक, पोरगा नाही, म्हणून घर पुतण्याकडं गेलं होतं. पुतण्या काही वाईट नव्हता. पण पूर्वी तुम्ही चुलीपाशी बसायचात, त्या दिवशी मी आलो तर तुम्ही दाराशी बसलेल्या होतात. ते बघूनच मला कळलं की तुम्हाला न्यायला हवं.

न्यायचं तर खरं, पण तुम्ही त्या जुन्या वळणाच्या. लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आमच्या लग्नानंतर तीनदा आलात, तिन्ही वेळा भाकरी फडक्यात बांधून आणलीत आणि पाणी शेजारणीकडून मागून प्यालात. मी म्हणालो, "मामी, घर तुमचंच हाय." तुम्ही आत जाऊन बांबूचं एक डालगं उचलून आणलंत, आधी ते गाडीत ठेवलंत. डालग्यात तीन कोंबड्या.

"येते मी, जावईबापू," तुम्ही म्हणालात. "पन ह्या तिघी आदी. ह्याहिच्या अंड्यावर माही भाकर राहील. फुकट बसून खानार न्हाई मी तुमच्या घरी."

वाटेत हिंगोलीला बैलांना पाणी दाखवायला थांबलो, तर त्यातल्या एकीनं गाडीतच अंडं घातलं. ते गरम अंडं तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "घ्या. आजची भाकर झाली." मला असा राग आला म्हणता! फेकून द्यावं वाटलं. पण घरापर्यंत एका हातात कासरा आणि एका हातात ते अंडं, असा मी आलो. रस्त्यानं भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं, गवंडीदादा, हातात काय?

मग तसाच नेम पडला. सकाळी जेवढी अंडी मिळतील तेवढी तुम्ही चुलीपाशी ठेवायचात आणि मग भाकरीला हात लावायचात. ज्या दिवशी अंडं नसेल त्या दिवशी तुमचं डोकं दुखायचं आणि दुपारपर्यंत भूक नसायची. घरात आम्ही दोघंच, लेकरू नाही, पिकलं नाही असं एकही साल नाही, कामाला तोटा नाही. आणि माझ्या घरातलं मोठं माणूस कोंबडीच्या भरवशावर जेवतंय. मला हे सोसत नव्हतं. पण तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे काळ्या दगडाला हातानं घडवायचं.

महिन्याभरानं तुम्ही म्हणालात, "डालगं किती दिस पुरनार? एक खुराडं करून द्या. तुराट्याचं कूड घाला, वर गवत टाका. दोन दिसाचं काम हाय."

आता मामी, तुम्हीच बघा. नरसीच्या रस्त्यानं कुठल्याही गावात जा आणि विचारा, पाया कुणी घालायचा. माझंच नाव घेतील. देवळाचा ओटा माझा, बारवेच्या पायऱ्या माझ्या, माझी भिंत ओळंब्याच्या दोरीतून केसभर हलायची नाही. आणि माझ्या दारात तुरीच्या काड्यांचं कूड? गावात तोंड कसं दाखवायचं?

म्हणून मी दगडी बांधलं. काळा दगड घडवून, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून, वर फरशी, दाराला छोटीशी कमान. बारा दिवस लागले. लोक बघायला आले. कुणीतरी म्हणालं, कोंबड्यांपेक्षा आम्हीच राहतो यात. मी छाती काढून उभा. तुम्ही आलात, वाकून आत डोकं घातलंत आणि म्हणालात, "वारा कुठून यील?"

"थंडीत ऊब राहील, मामी."

"आन हे खाली भोक काहून ठेवलं?"

"मोरी हाय ती. धुवायला बरी."

"कोंबड्या काय अंगोळ करनार हायत व्हय? बुजवा ते."

मी बुजवली नाही. मोरी नसलेलं बांधकाम अर्धं बांधकाम, असं बाप शिकवून गेलेला. तोवरच्या वीस वर्षांत मी मोरी ठेवल्याशिवाय एक घर सोडलं नव्हतं. हात आपोआप तिथं थांबतो, मूठभर जागा सोडतो आणि पुढं जातो. तुम्ही दोनदा सांगितलंत, तिसऱ्यांदा सांगितलं नाहीत. जावयाला तिसऱ्यांदा सांगायचं नाही, हाही तुमचा एक नियम.

पुढच्या वर्षापर्यंत तिघींच्या नऊ झाल्या होत्या. त्यातली लाली खुडूक झाली म्हणून तुम्ही तिला अकरा अंड्यांवर बसवलं होतं, कोपऱ्यात, मऊ भुसा घालून. एक दिवस सकाळी तुमची हाक आली. हाक कसली, नुसतं "जावईबापू" आणि पुढं काही नाही. मी आलो तर मोरीच्या तोंडाशी रक्त आणि पिसं. मुंगूस आत शिरलं होतं. पाच मेल्या होत्या. लाली अंड्यांवरच पडली होती, उठलीसुद्धा नव्हती.

तुम्ही रडला नाहीत. एकेक बाहेर काढून ओळीनं ठेवल्यात. ठिपकीच्या मानेला चावा होता पण जीव होता, तिला हळद आणि तेल लावून पदरात गुंडाळलंत. मी म्हणालो, "मुंगूस असेल." तुम्ही मोरीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंही नाहीत. एक शब्द बोलला असतात तर बरं झालं असतं. मी उत्तर द्यायला तयारच होतो.

उरलेल्या चार भेदरल्या आणि अंडी बंद झाली. पहिल्या दिवशी तुमचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सोमवार धरलात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, एकादस हाय. मामी, मी पंचांग बघत नाही, पण आमच्या गावात एकादशी आहे की नाही हे टाळ ऐकून कळतं, आणि त्या दिवशी कुठंही टाळ वाजत नव्हता. संध्याकाळी तुमची लेक चुलीपुढं रडत बसली होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "आई भाकर खाईना. तुमच्या त्या दगडानं माह्या मायची भाकर बंद केली."

एवढं मला उभ्या आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. आणि ते बराबर होतं. कोंबड्या गेल्याचं दुःख होतंच, पण तुम्ही या घरात ताठ मानेनं बसायचात त्या अंड्यांच्या जोरावर. मी माझी हौस केली आणि तुमच्या पायाखालची जमीन काढून घेतली. तुम्ही परत पुतण्याच्या दाराशी जाऊन बसाल, ही भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडा घेतला आणि माझ्या हातची कमान पाडली. गवंड्यानं स्वतःची चांगली भिंत पाडायची म्हणजे काय, हे गवंड्यालाच विचारावं. चुना असा धरला होता की दगड सोडेना. मला मनातून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. गुडघ्याएवढी भिंत उरली तेव्हा तुम्ही आलात आणि म्हणालात, "थांबा. पाया तुमचा चांगला हाय. तेवढा राहू द्या, मुंगसाला उकरता येनार न्हाई." अकरा वर्षांत माझ्या कामाची तुमच्या तोंडून झालेली ही एवढीच स्तुती. मी ती जपून ठेवली आहे.

मी म्हणालो, "मामी, आता तुमी सांगा, मी करतो."

"मजूर म्हनून राहनार असाल तर बोला. मधी तोंड घालायचं न्हाई."

"न्हाई घालत."

"पहिली ती मोरी बुजवा."

बुजवली. मोठा दगड ठोकून, चुना भरून, वरून पुन्हा चुना. मग तुम्ही सांगत गेलात आणि मी करत गेलो. पायावर तुराट्या उभ्या केल्या, आडव्या विणल्या, बोटभर फट ठेवून. खालचा अर्धा भाग शेणमातीनं लिंपला, वरचा तसाच मोकळा सोडला, वारा खेळायला. आत बाभळीची फांदी आडवी बांधली. मी सरळ, गुळगुळीत फांदी आणली तर तुम्ही परत पाठवलीत. कोंबडीच्या पायाच्या बोटांत बसेल एवढीच जाड हवी, आणि साल थोडी खरबरीत. कोपऱ्यात राखेचा खळगा, अंगावरच्या उवा झाडायला. दार वरून खाली पडणारं, कडी बाहेरून. वर गवताचं छप्पर, पावसाच्या बाजूला जास्त उतार. मी सवयीनं ओळंबा सोडला तर केवढ्यानं ओरडलात, "त्या दोरीकडं काय कोंबड्या पाहनार हायत?" मी ओळंबा खिशात घातला. तुम्ही पाठ फिरवल्यावर पुन्हा काढला. कूड सरळ उभं आहे ना मामी, ते त्यामुळं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला चारही कोंबड्या आपल्या पायानं आत गेल्या आणि फांदीवर बसल्या. माझ्या दगडी महालात त्यांना रोज उचलून कोंबावं लागायचं. मग तुम्ही हात धुतलेत, चुलीपाशी येऊन बसलात आणि भाकर खाल्लीत, दोन खाल्ल्यात. तुमची लेक तिसरी वाढायला गेली तर म्हणालात, "बास. तीन दिस काम केलं मी, तेवढीच व्हते." म्हणजे ती भाकरसुद्धा मजुरीची! मला हसू आलं आणि रागही आला. जेवता जेवता मला ठसका लागला तो त्यामुळं, मिरचीमुळं नाही.

त्यानंतर मुंगसानं आपल्या अंगणात पाय ठेवला नाही. चौघींच्या वीस झाल्या. कुणाच्या घरी बाळंतीण असली की तुमच्याकडं माणूस यायचं, तुम्ही पदराखालून अंडी द्यायचात. गावात आणखी तीन घरांनी तसंच खुराडं केलं, खाली दगड, वर कूड. लोक म्हणाले, गवंड्याचं डोकं चालतं बरं. मी "व्हय" म्हणालो. मामी, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. नाव तुमचं घ्यायला हवं होतं. आता घेतो आहे, काल पाहुण्यांसमोरही घेतलं.

आता त्या भांडणाचं. दौऱ्यावरच्या एका साहेबाचा मुक्काम चावडीवर पडला होता आणि त्याचा शिपाई दारोदार कोंबड्या गोळा करत आला. तेव्हाच्या राज्यात शिपायाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी अंगणात उभा, तोंडाला कुलूप. त्यानं खुराड्याच्या कडीला हात घातला आणि तुम्ही पुढं झालात.

"त्या ह्या घरच्या न्हाईत, बाबा. माह्या हायत. मी हितं पाव्हनी हाव. घरवाल्याकडून घ्यायचं ते घे. पाव्हन्याची चीज नेतेत व्हय कुठं?"

शिपाई चिडला, पण गल्लीतली बायामाणसं जमली होती. पाहुण्या म्हातारीची कोंबडी ओढून न्यायला त्यालाही लाज वाटली. तो गेला. मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मी भांडलो. आठ वर्षं झाली होती मामी, आणि तुम्ही चारचौघांत पाव्हनी म्हणवून घेतलंत.

"कोंबड्या वाचल्या न्हाई का?" तुम्ही म्हणालात.

"कोंबड्या गेल्या खड्ड्यात! खरं सांगा, तुमी पाव्हन्या का घरच्या?"

"तुमाला भूक लागलीय. भाकर खाऊन घ्या."

त्यानंतर मी तीनदा विचारलं. एकदा पोळ्याला, एकदा तुमची लेक तापानं पडली होती तेव्हा, आणि एकदा असंच. तिन्ही वेळा तुम्ही दुसरंच काहीतरी बोललात. मी मनाशी ठरवून टाकलं की तुमचं उत्तर नाही असंच आहे, आणि मला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही गप्प बसता. घर बांधणं माझा धंदा, दुसऱ्यांची इतकी घरं बांधली, पण माझं घर तुम्हाला तुमचं वाटावं असं काही मला बांधता आलं नाही. हे मी तुमच्या लेकीलाही बोलून दाखवलं नाही.

या वर्षी तुमच्या पायांवर सूज आली, धाप लागायला लागली. वैद्य येऊन मान हलवून गेले. कुणीतरी निरोप दिला असेल, पुतण्या गाडी घेऊन आला. गाडीत गादी घालून आणली होती. त्याचेही केस पिकले होते. मी बाहेर भिंतीशी बसून पायरीचा दगड घडवत होतो. आतला आवाज स्वच्छ येत होता.

"काकू, चला," तो म्हणत होता. "जावयाच्या दारात तुमचा जीव गेला तर आमाला गावात तोंड न्हाई राहनार. तव्हा चुकलंच आमचं. आता तकलीफ देनार न्हाई कोनी. आपल्या घरी चला."

तो रडत होता, आणि मनापासून रडत होता. माझी छिन्नी थांबली. मला वाटलं, जाणार तुम्ही. जुन्या वळणाचं माणूस शेवटाला नवऱ्याच्या गावीच जाणार, आणि अडवायचा मला काय हक्क? गाडीत चढवताना तुमचं डोकं कुणी धरायचं, एवढं मी मनात ठरवूनसुद्धा ठेवलं.

मग तुमचा आवाज आला. दमलेला, पण खणखणीत.

"तू आला, लय बरं केलं रे लेकरा. भाकर खाऊन जा. पन मला काहून नेतो? माहं घर सोडून मी कुठं येऊ?"

"काकू, हे जावयाचं घर हाय."

"त्याचं हाय, तसं माहं बी हाय. आन मी गेले तर ह्या दोघाहिकडं कोन पाहील? त्याला तर साधं खुराडं बांधता येत न्हवतं."

मी हातोडा मारला तो भलतीकडंच बसला. पायरीचा कोपरा उडाला. चांगला घडत आलेला दगड वाया गेला. तोंडावरची धूळ पुसत मी आत आलो आणि काय बोललो? तर, "मामी, पाव्हन्याला पाणी दिलं का?" तुम्ही म्हणालात, "दिलं. काय आरडून राहिलात?" मी परत बाहेर गेलो. त्यानंतर चार दिवस तुम्ही होतात, आणि चार दिवसांत मला त्यावर एक वाक्य बोलता आलं नाही.

पुतण्या तुमच्यासाठी थांबला होता. उचलायची वेळ आली तेव्हा गावातल्या मोठ्यांनी विचारलं, मडकं कोण धरणार? रीतीनं मान त्याचा होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "त्याहिच्या घरातलं मानूस गेलं. त्याहिला द्या." मी धरलं. नदीपर्यंत हात हलू दिला नाही, तेवढी हाताला सवय आहे माझ्या.

सांगायचं राहिलं ते एवढंच, मामी. त्या दिवशी भिंतीपलीकडं मी बसलो होतो. तुमचं बोलणं मी ऐकून राहिलो होतो.